विजयदुर्गाचा हेलियम आणि सातवीची वही

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील एका शाळेत विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांचे परीक्षण करण्याचा योग प्रस्तुत लेखकास काही महिन्यांपूर्वी आला. शाळा लहान, कौलारू; मागे माडांची राई आणि पुढे खाडी. सहावी ते आठवीच्या मुलांनी केलेले प्रकल्प एका वर्गात बाकांवर मांडून ठेवले होते. किल्ले, हापूस आंबा, समुद्री कासवे, दशावतार, मासेमारी असे विषय. वह्या सुबक होत्या. मुखपृष्ठांवर झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणलेली रंगीत चित्रे होती. विजयदुर्गावरच्या वह्या एकापाठोपाठ एक चाळताना तिसऱ्या वहीपाशी मात्र थबकावे लागले. तिन्ही वह्यांत एक परिच्छेद शब्दशः सारखा होता. स्वल्पविराम त्याच जागी आणि शुद्धलेखनाची चूकही तीच. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने विजयदुर्ग किल्ल्यावरून सूर्याचे निरीक्षण करून हेलियम वायूचा शोध लावला, असा त्याचा आशय. वहीच्या अखेरीस ‘संदर्भ’ असे ठळक अक्षरांत लिहून त्याखाली एकच शब्द लिहिला होता : ‘गूगल’.

मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. संदर्भ लिहा असे त्यांना सांगण्यात आले होते आणि त्यांनी तो लिहिला होता. तो म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते इतकेच. ग्रंथालयाच्या इमारतीचे नाव सांगितल्याने ग्रंथाचे नाव सांगितले असे होत नाही, आणि ज्या बाजारातून मासळी आणली त्या बाजाराच्या नावावरून मासा कोणता व कोणाच्या होडीतला हे कळत नाही. मालवणच्या मुलास हा दुसरा दृष्टांत चटकन पटतो. मासळी ताजी आहे की बर्फातली, हे त्याच्या घरी कल्ला उचलून पाहिल्याखेरीज कोणी ठरवीत नाही. संगणकाच्या पडद्यावरून उतरवून घेतलेल्या मजकुराचा कल्ला उचलून पाहावा, ही गोष्ट मात्र त्याच्या घरीही कोणी करीत नाही आणि शाळेतही नाही.

आता त्या परिच्छेदाचेच पाहू. १८ ऑगस्ट १८६८ चे ग्रहण खरे आहे. ते दक्षिण भारतातून खग्रास दिसले आणि त्यासाठी युरोपातून शास्त्रज्ञ आले, हेही खरे आहे. पियरे जॅन्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ गुंटूर येथे होता. सूर्यबिंबाच्या कडेवर उसळणाऱ्या ज्वाला ग्रहणाखेरीजही वर्णपटदर्शकातून दिसू शकतात, हे त्याने तेथेच ओळखले. लॉकियर मात्र त्या दिवशी इंग्लंडमध्ये होता. त्याने २० ऑक्टोबर १८६८ रोजी, म्हणजे ग्रहणानंतर दोन महिन्यांनी, आपल्याच देशातून, ग्रहणाशिवाय त्या ज्वालांचा वर्णपट पाहिला. दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी पोहोचली, अशी ही विज्ञानेतिहासातील प्रसिद्ध कथा आहे. त्या वर्णपटातील पिवळी रेषा सोडियमच्या रेषांच्या शेजारची असूनही त्यांच्याशी जुळत नाही, म्हणून ती एखाद्या अज्ञात मूलद्रव्याची असावी, असे अनुमान लॉकियरने पुढे मांडले. ग्रीक भाषेतील सूर्याच्या नावावरून त्या द्रव्यास हेलियम हे नाव पडले. पृथ्वीवर ते सापडावयास १८९५ साल उजाडावे लागले. तेव्हा विल्यम रॅम्झी यांनी एका खनिजातून ते वेगळे केले.

मग विजयदुर्गाचा संबंध कोठून आला? तो पुरता निराधार नाही, आणि येथेच खरी गंमत आहे. २२ जानेवारी १८९८ रोजी भारतातून पुन्हा खग्रास ग्रहण दिसले. त्या वेळी लॉकियर खरोखरच विजयदुर्गास आला. ब्रिटिश आरमाराच्या ‘मेल्पोमीन’ या युद्धनौकेवरील अधिकारी व खलाशी त्याच्या मदतीस होते आणि किल्ल्यावर यंत्रसामग्री मांडून त्याने निरीक्षणे केली. त्यांचा विस्तृत वृत्तांत लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला असून तो आज कोणासही संगणकावर वाचावयास मिळतो. किल्ल्यावरील ज्या चौथऱ्यांना लोक ‘साहेबाचे कट्टे’ म्हणतात, ते दुर्बिणींसाठी बांधले असे गावात सांगतात. १८९८ च्या वृत्तांताशी ते सांगणे जुळण्यासारखे आहे. त्याच ग्रहणाच्या वेळी पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे आपली यंत्रे मांडली होती. एका भारतीय खगोलशास्त्रज्ञाचे हे काम आपल्या पाठ्यपुस्तकांतून आणि भाषणांतून फारसे भेटत नाही, ही खंत येथे जाता जाता नोंदवावीशी वाटते.

तेव्हा झाले असे की, तीस वर्षांच्या अंतराने घडलेल्या दोन घटना कोणीतरी एकत्र शिवल्या. एका संकेतस्थळावरून ते ठिगळ दुसऱ्याने उचलले, दुसऱ्याचे पाहून तिसऱ्याने. मग वृत्तपत्रांनी ते छापले, वक्त्यांनी सांगितले, आणि वृत्तपत्रात आले म्हणून ते पुन्हा संकेतस्थळांवर साधार म्हणून मिरवू लागले. विजयदुर्गावर १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होत आला आहे. दहा ठिकाणी एकच गोष्ट आढळली म्हणजे ती दहादा सिद्ध झाली, असा मुलांचा समज असतो. त्या दहा ठिकाणांचा उगम एकच आहे काय, असा प्रश्न त्यांस सुचत नाही. खरे बोलावयाचे तर आपणा प्रौढांसही तो कोठे सुचतो? प्रस्तुत लेखकाने स्वतः काही वर्षांपूर्वी एका व्याख्यानात हीच १८६८ ची कथा मोठ्या अभिमानाने सांगितली होती. श्रोत्यांनी टाळ्या वाजविल्या. कोणी काही विचारले नाही, आणि टाळ्या मिळाल्यावर आपणही आपल्याला काही विचारीत नाही.

वरील हकीकत मुलांना समजावून सांगितल्यावर सातवीतील एक मुलगी उठून उभी राहिली. तिचे गाव त्याच किल्ल्याच्या परिसरातले. ती म्हणाली, “सर, मगे ह्या सगळा खोटा?” तिच्या स्वरात कुतूहलापेक्षा दुखावलेपण अधिक होते. संदर्भ तपासणे हे वरवर कोरडे काम वाटते. पण त्याचा धक्का कधी कधी गावाच्या अभिमानास लागतो, आणि म्हणूनच ते टाळले जाते. तिला उत्तर देणे सोपे नव्हते. विजयदुर्गाचे महत्त्व हेलियमवर अवलंबून नाही, हे खरे; पण असल्या उत्तराने मुलीचे समाधान होत नाही. तिला एवढेच सांगितले की, लॉकियर तुझ्या गावी आला होता, हे अगदी खरे. तो केव्हा आला आणि त्याने काय पाहिले, ते तू शोध, आणि जे सापडेल ते कोठे सापडले त्यासह लिही.

हे सांगणे सोपे. परंतु बारा वर्षांच्या मुलीने ते करावयाचे कसे? येथे शाळेची जबाबदारी सुरू होते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचे तत्त्व स्वीकारले आणि महाराष्ट्र शासनाच्या २० ऑगस्ट २०१० च्या निर्णयाने प्रकल्प हे आकारिक मूल्यमापनाचे एक साधन म्हणून शाळाशाळांत आले. हेतू चांगला होता. प्रत्यक्षात प्रकल्प म्हणजे काय झाले, हे कोणत्याही तालुक्याच्या बाजारपेठेत जून-जुलैनंतर फेरफटका मारला तर कळेल. झेरॉक्सच्या दुकानात विषय सांगावा. दुकानदार संगणकावर तयार मजकूर काढून, चित्रांसह छापून, हवे असल्यास बांधून देतो. पालक पैसे देतात, विद्यार्थी नाव घालतो, शिक्षक सही करतात. या व्यवहारात चौघेही सहभागी असतात आणि चौघांपैकी कोणासही आपण काही गैर करीत आहोत असे वाटत नाही. उत्तरपत्रिकेत शेजाऱ्याचे एक वाक्य पाहून लिहिणाऱ्यास आपण शिक्षा करतो आणि बावीस पाने दुसऱ्याची उतरविणाऱ्यास ‘सुंदर’ असा शेरा देतो.

शिक्षकांची बाजू येथे मांडली नाही तर अन्याय होईल. द्विशिक्षकी शाळेत एकाच वेळी दोन-तीन इयत्ता सांभाळणारा शिक्षक, त्यातच शासनाच्या संकेतस्थळांवर माहिती भरण्याचे न संपणारे काम, आणि विषयागणिक प्रकल्पांचा ढीग. तो प्रत्येक वही वाचील कधी? म्हणून पहिली सूचना अशी की, प्रकल्पांची संख्या कमी करावी. वर्षात विद्यार्थ्याने एकच प्रकल्प खऱ्या अर्थाने केला, तर तो सहा सजविलेल्या वह्यांहून अधिक मोलाचा ठरेल. त्या एका प्रकल्पाचे निम्मे गुण माहितीला न देता, माहिती कशी मिळविली याच्या नोंदीस द्यावेत. असे केल्यास झेरॉक्सच्या दुकानाचा मार्ग आपोआप बंद होतो. कारण माहिती विकत मिळते, ती शोधल्याच्या खुणा मिळत नाहीत.

शोधाचा आरंभ प्रश्नापासून व्हावा. ‘विजयदुर्ग’ हा प्रश्न नव्हे, तो केवळ मथळा आहे. मथळा घेऊन संगणकापुढे बसलेल्या मुलास लाखो पाने दिसतात आणि तो त्यांतील पहिले उचलतो. ‘१८९८ मध्ये विजयदुर्गावर कोण आले आणि कशासाठी?’ हा प्रश्न आहे. तो घेऊन बसणारा मूल नको ती पाने स्वतःच बाजूला सारू लागते. शब्द कोणते शोधावेत, हेही शिकवावे लागते. त्या काळच्या इंग्रजी लेखनात विजयदुर्गाचे नाव ‘व्हिझियाद्रुग’ अशा वळणाने लिहिले जाई, तसेच त्यास ‘घेरिया’ असेही म्हणत. आजचे स्पेलिंग घालून लॉकियरचा वृत्तांत सहजी सापडत नाही; जुने घातले की तो पुढ्यात येतो. दुसरे उदाहरण याहून साधे आहे. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. तेव्हा मालवणची जुनी माहिती ‘सिंधुदुर्ग गॅझेटियर’ असे शोधून मिळणार नाही. ती १८८० च्या रत्नागिरी-सावंतवाडी खंडात आणि १९६२ च्या सुधारित रत्नागिरी खंडात आहे, आणि हे दोन्ही खंड आता संगणकावर उपलब्ध आहेत. जिल्ह्याच्या सीमा केव्हा बदलल्या, हे ठाऊक नसेल तर घरातली वस्तू घरात असून सापडत नाही.

टिपणे काढण्याची एक जुनी रीत पुन्हा रूढ करण्यासारखी आहे. प्रत्येक घरात लग्नपत्रिकांचा गठ्ठा असतो. त्यांच्या कोऱ्या पाठी यासाठी उत्तम. एका पत्रिकेवर एकच माहिती लिहावी, दोन नव्हेत. पडद्यावरचे शब्द जसेच्या तसे घेतले तर निळ्या शाईत आणि अवतरणचिन्हांत. वाचून समजलेले आपल्या शब्दांत लिहिले तर पेन्सिलीने. आणि मनात आलेली शंका लाल शाईत. कोपऱ्यात एक आकडा घालावा. तोच आकडा एका स्वतंत्र वहीत घालून त्यापुढे ती माहिती कोठून घेतली याचा पत्ता नोंदवावा. पंधरा-वीस पत्रिका झाल्या की त्या जमिनीवर पसराव्यात, एकाच प्रश्नाचे उत्तर देणाऱ्या एकत्र कराव्यात, आणि मग लिहावयास बसावे. वही सगळी निळी दिसू लागली, तर आपण केवळ उतरवून घेत आहोत, हे मुलास शिक्षकांनी सांगण्यापूर्वीच कळते. आणि लाल शाई कोठेच नसेल, तर त्याने वाचले पण विचार केला नाही, हे शिक्षकांस कळते.

पत्त्याच्या नोंदीत चार गोष्टी पुरेत : कोणी लिहिले, कोणत्या शीर्षकाने व कोठे, केव्हा, आणि मी ते केव्हा पाहिले. विद्यापीठांत चालणाऱ्या संदर्भलेखनाच्या निरनिराळ्या पद्धती, त्यांतील विरामचिन्हांचे नियम, यांचे ओझे या वयावर लादू नये. ‘रत्नागिरी जिल्हा गॅझेटियर, सुधारित आवृत्ती, १९६२, मालवण ही नोंद, महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर, अमुक दिनांकास पाहिली’ एवढे सातवीच्या मुलाने लिहिले तर तो पुष्कळ मोठ्यांच्या पुढे गेला असे समजावे. लेखकाचे नाव कोठेच दिसत नसेल तर ‘लेखकाचे नाव दिलेले नाही’ असे लिहावे. तसे चार वेळा लिहावे लागले की, निनावी मजकुरावर आपण किती भिस्त ठेवतो, याची त्याला आपोआप लाज वाटू लागते. आणि ही नोंद त्याच क्षणी करावी, मागाहून नव्हे. आपल्याकडे घरात भ्रमणध्वनी एक, तो वडिलांबरोबर बाहेर गेलेला. गावात नेटवर्क मिळते ते वरच्या सड्यावर. पावसाळ्यात वीज गेली की तेही नाही. काल पाहिलेले पान आज पुन्हा सापडेलच, अशी खात्री मुंबईच्या मुलाने बाळगावी, कोकणातल्या मुलाने बाळगू नये.

‘केव्हा पाहिले’ या नोंदीचे महत्त्व मुलांना पटविण्यासाठी मालवणएवढे दुसरे उदाहरण नाही. राजकोट येथे छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण ४ डिसेंबर २०२३ रोजी झाले आणि तो पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. पुढे २०२५ मध्ये तेथे नवा पुतळा उभा राहिला. या तीन टप्प्यांत लिहिलेली पाने आजही संगणकावर शेजारी शेजारी नांदत आहेत. कोठे पहिला पुतळा अजून दिमाखात उभा आहे, कोठे जागा रिकामी आहे, कोठे नवा पुतळा आहे. तिन्ही आपापल्या दिवशी खरी होती. तारीख न पाहता त्यांतील एक उचलणाऱ्या मुलाच्या वहीत कोणता पुतळा उभा राहील, हे केवळ दैवाधीन. हीच गोष्ट पुस्तकांसही लागू आहे. डॉ. केतकरांचा ज्ञानकोश संगणकावर आला ही मोठीच सोय झाली. पण त्यातील लोकसंख्येचे आकडे शंभर वर्षांपूर्वीचे आहेत, हे विसरून ते आजचे म्हणून लिहिणारे विद्यार्थी पाहावयास मिळतात. केतकरांचा त्यात काय दोष?

कोणत्या पानावर विश्वास ठेवावा, याचा नमुना शोधण्यासाठी दूर जावयास नको. वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली आकारास आलेला मराठी विश्वकोश आज विनामूल्य वाचता येतो. त्यातील नोंदीच्या शेवटी लेखकाचे नाव असते आणि बहुधा आधारग्रंथांची यादीही असते. एखादी नोंद मुलांसमोर उघडून तिचे शेवटचे चार इंच प्रथम वाचून घ्यावेत; मजकूर मागाहून. विकिपीडियाविषयी शिक्षकांत दोन टोकांची मते दिसतात : काही तो सर्वस्वी वर्ज्य मानतात, तर काही त्यालाच प्रमाण मानतात. आमच्या मते तो वाटाड्या आहे, मुक्काम नव्हे. मराठी विकिपीडियावर एखाद्या वाक्यापुढे ‘संदर्भ हवा’ अशी खूण असते. ती खूण काय सांगते, हे एकदा समजले की मुले इतर संकेतस्थळांवरही ती न दिसणारी खूण मनातल्या मनात घालू लागतात. पानाच्या तळाशी दिलेल्या आधारांपर्यंत जावे, तो आधार उघडून पाहावा, आणि आपल्या वहीत त्या आधाराचे नाव लिहावे.

अलीकडे याहून अवघड प्रसंग उद्भवला आहे. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि त्यापाठोपाठ तशीच इतर साधने प्रत्येक भ्रमणध्वनीत शिरली. विचारले की ती अस्खलित मराठीत उत्तर देतात, आणि संदर्भ मागितला तर संदर्भही देतात. त्यांतील काही ग्रंथ कधी लिहिलेच गेलेले नसतात. लेखकाचे नाव खरे वाटावे असे, साल खरे वाटावे असे, पण तो ग्रंथ कोणत्याही कपाटात नाही. वर्णपटातील रेषा पाहून अज्ञात द्रव्याचे अनुमान करणारा लॉकियर सत्तावीस वर्षे पुराव्याची वाट पाहत राहिला. येथे वाट पाहण्याची सवयच मोडण्याचा संभव आहे. या साधनांवर बंदी घालणे शाळेच्या हातात नाही. परंतु ‘हा ग्रंथ मी स्वतः उघडून पाहिला’ असे ज्यापुढे लिहिता येत नाही, तो संदर्भ यादीत घालावयाचा नाही, एवढा नियम घालणे खचित हातात आहे. आणि अशा साधनाची मदत घेतली असेल, तर तीही लपवू नये, तसे लिहावे.

मराठी माणसास ही शिस्त परकी आहे, असे मात्र कोणी समजू नये. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण केले, ते पाठांत शिरलेली भर ओळखून दूर करण्याचेच काम होते. मूळ लेखकाचे शब्द आणि मागाहून घुसलेले शब्द यांतील भेद त्यांना महत्त्वाचा वाटला. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव दप्तरे धुंडाळीत हिंडले आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड त्यांनी प्रसिद्ध केला तो १८९८ मध्ये, म्हणजे लॉकियर विजयदुर्गावर उतरला त्याच वर्षी. बखरींतील मजकूर अस्सल पत्रांशी ताडून पाहिल्याखेरीज स्वीकारू नये, हा राजवाड्यांचा आग्रह होता. आजच्या संकेतस्थळांपैकी पुष्कळशी बखरींच्याच जातीची आहेत : रसाळ, अभिमानी, आणि तारखांच्या बाबतीत उदार.

आणखी एका आधाराचा विसर आपल्याला पडला आहे. त्याच प्रदर्शनात ‘रापण’ या विषयावर एक वही होती. तीत मासेमारीविषयीचा सर्वसाधारण मजकूर आणि कोणत्यातरी परदेशी ट्रॉलरचे छायाचित्र होते. वही करणाऱ्या मुलाचे आजोबा उभा जन्म रापण ओढीत आले होते. जाळे होडीतून अर्धवर्तुळात सोडून त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून माणसांनी कशी ओढावयाची, इशारा कोणी करावयाचा, आलेल्या मासळीचे वाटे कसे पाडावयाचे, हे सारे त्यांस मुखोद्गत. त्यांना का विचारले नाहीस, असे म्हटल्यावर मुलगा संकोचून म्हणाला, “आज्याचा नाव घातला तर चलात?” चालते, एवढेच नव्हे, तर त्या विषयावर त्याहून मोठा आधार त्याला मिळणार नाही. आजोबांचे नाव, वय, गाव, किती वर्षे हे काम केले, आणि त्यांच्याशी कोणत्या दिवशी बोललो, एवढे लिहून त्यांची संमती घ्यावी, की संदर्भ सिद्ध झाला. ज्यांच्याजवळ ज्ञान आहे त्यांच्या नावाला किंमत नाही आणि ज्या पानाला नावच नाही ते प्रमाण, ही समजूत मुलाने कोठून उचलली असेल, याचा विचार शाळेने तसाच घरानेही करावा.

प्रत्यक्ष पाहणी हाही आधारच. सिंधुदुर्ग किल्ल्याला बुरूज किती, या साध्या प्रश्नाला कोठे ४२, कोठे ५२ अशी उत्तरे मिळतात. १८८० च्या गॅझेटियरमध्ये ते सुमारे ३२ म्हटले आहेत. शिक्षकांनी फळ्यावर हे तिन्ही आकडे लिहावेत आणि पावसाळा संपून होड्या सुरू झाल्या की मुलांना किल्ल्यावर न्यावे. तटावरून चालत मोजावे. मोजताना भांडण होईलच. पडलेला बुरूज धरावा की नाही, तटाचा बाक म्हणजे बुरूज काय, असे प्रश्न निघतील. ते भांडण मिटविण्याची घाई करू नये. हा किल्ला जुलै २०२५ मध्ये इतर अकरा किल्ल्यांसह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. बाहेरून येणारे लोक आता मालवणच्या मुलांना प्रश्न विचारणार आहेत, आणि ‘गूगलवर आहे’ हे उत्तर त्यांना आपल्या घरूनही मिळाले असते.

जिल्ह्यातील वाचनालयांचा येथे उल्लेख करणे अगत्याचे आहे. सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर, वेंगुर्ल्याचे नगर वाचनालय, मालवणचे नगर वाचन मंदिर अशा जुन्या संस्था आपल्याकडे आहेत. संगणकावर सापडलेला आधार छापील ग्रंथाशी ताडून पाहावयाचा, तर मुलाने तेथे जावे. परंतु शाळेतून मुलांची एक तुकडी वर्षातून एकदा तरी वाचनालयाची पायरी चढते काय? ग्रंथपालांनी एक दुपार मुलांसाठी राखून ठेवली, तर शिक्षकांवरचा बराच भार हलका होईल. यासाठी कोणा वरिष्ठाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. मुख्याध्यापकाने एक पत्र लिहावे, इतकेच.

गेल्या पंधरवड्यात त्या शाळेतील शिक्षकांनी सातवीतील मुलीच्या वहीच्या काही पानांची छायाचित्रे पाठविली. पहिल्या पानावरचा मथळा खोडून ‘विजयदुर्ग आणि १८९८ चे ग्रहण’ असा केला आहे. लॉकियरच्या वृत्तांतातील इंग्रजी तिला कळले नाही. ते आपल्याला कोणी वाचून दाखविले, हे तिने नाव घालून लिहिले आहे. खाली लाल शाईत एक नोंद आहे : ‘गावात १८६८ सांगतात. मला त्याचा आधार अजून मिळालेला नाही.’ त्याखाली साहेबाच्या कट्ट्यांची एक ओबडधोबड आकृती असून तिची लांबी-रुंदी पावलांत दिली आहे. आकृतीपुढे संदर्भ म्हणून लिहिले आहे : ‘मी स्वतः मोजले, बाबांबरोबर’, आणि त्यापुढे तारीख.